वेंडेलच्या कॅसेटची दुसरी बाजू

६ सप्टेंबर २००९, रविवार

आज चर्चमध्ये चार पाहुणे. रिवाजाप्रमाणे चौघांनाही उभं केलं, नावं सांगायला लावली, टाळ्या वाजवल्या. त्यातले तिघं सिस्टर पर्डीचे अटलांटाचे भाचे. त्यांना कसलं पाहुणे म्हणायचं? दरवर्षी येतात, जेवतात आणि जातात. चौथा मात्र खरा पाहुणा. गोरा, पंचविशीतला, टाय लावलेला. नाव काइल, नदीपलीकडून आलो म्हणाला.

उपासना संपल्यावर तो सरळ माझ्या टेबलाशी आला. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला एक उपदेश भेट, त्याला आवडेल तो, हा माउंट निबो बॅप्टिस्टचा नियम मी एकतीस वर्षं पाळतेय. आधी कॅसेट द्यायचे, आता सीडी देते. म्हाताऱ्यांसाठी अजून कॅसेटही करते, कारण ब्रदर एमोसला सीडीचं बटण सापडत नाही.

"मॅडम, पाळकसाहेबांनी अगदी पोटतिडकीने केलेला उपदेश कुठला?" त्याने विचारलं.

लोक ईस्टरचा मागतात, नाहीतर लग्नाचा. असं कोणी विचारत नाही. मला बरं वाटलं. मी त्याला माझ्या मुलाच्या, वेंडेलच्या, अंत्यविधीची सीडी दिली. आमचे पाळक रेव्हरंड बेल जन्मात एवढ्या पोटतिडकीने बोलले नसतील. काइलने दोन्ही हातांनी घेतली, थँक यू म्हणाला. पाहुण्यांच्या वहीत पत्त्याची जागा कोरी ठेवली, पण हल्लीची मुलं विसरतातच. देव त्याचं भलं करो.

खरं तर ती सीडी अर्धीच आहे. गेल्या हिवाळ्यात मी जुन्या कॅसेट सीडीवर उतरवल्या तेव्हा वेंडेलच्या कॅसेटची पहिलीच बाजू घेतली. दुसऱ्या बाजूला मी ओरडते, असं सगळे सांगतात. मला काही आठवत नाही आणि ऐकायचंही नाही. अकरा वर्षं ती कॅसेट टॉवेलांच्या कप्प्यात आहे.

२० सप्टेंबर, रविवार

कॅमिल आली होती. आधी चर्चमध्ये, मग माझ्याकडे जेवायला. कोबीची भाजी, मक्याचा ब्रेड, तळलेला मासा. तीनदा वाढून घेतलं.

"मावशी, महापौर झाले की तुमचा मासा पालिकेच्या खर्चाने मागवेन."

"आधी हो. मग मागव. आणि कोपर टेबलावरून काढ."

त्रेचाळीस वर्षांची वकील आहे, पण माझ्याकडे आली की शेजारची कॅमिल प्रुइटच. तिची आई गेल्यावर ती आणि वेंडेल एकाच डब्यातून खात शाळेत गेली. निवडून आली तर ह्या शहराची पहिली काळी महापौर. तीन टक्क्यांनी पुढे आहे म्हणे, पण सगळा खेळ पुलापलीकडच्या गोऱ्या वस्तीवर आहे. शेवटच्या सभेत रेव्हरंड बेल प्रार्थना करणार आहेत. त्यांनीच तिचा बाप्तिस्मा केला, त्यांनीच वकिलीला पाठवताना सगळ्या चर्चकडून फी गोळा केली.

तिच्याबरोबर तिच्या प्रचाराचा प्रमुख होता, ड्रू केसलर. चांगला आहे बिचारा, पण सारखा फोनकडे बघतो. मी म्हटलं, "तो फोन बशीत ठेवू का, त्याच्यावर थोडी भाजी वाढते." तेव्हा कुठे खिशात घातला.

२९ सप्टेंबर, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते तरी.

सकाळी सिस्टर पर्डीचा फोन. टीव्ही लाव म्हणाली. लावला, तर रेव्हरंड बेल. चित्र नाही, नुसता त्यांचा फोटो आणि खाली आवाज. तो आवाज मी कुठेही ओळखीन. आणि मागचा खाकरा ब्रदर एमोसचा, त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या मशीनवर तो बसला होता, कारण मी पुढच्या बाकावर होते, शवपेटीसमोर.

"ह्या देशात काळ्या माणसाची कळ गोऱ्या माणसाला ऐकूच जात नाही. मग त्यांच्यासाठी मी का प्रार्थना करू? मी नाही करणार. गोऱ्या माणसासाठी ह्या तोंडातून प्रार्थना निघत नाही."

तेवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच. 'कॅमिल प्रुइट यांच्या धर्मगुरूंचा गोऱ्यांबद्दल द्वेष.'

वेंडेल सात तास इस्पितळाच्या खुर्चीवर बसला होता, हे कोणी सांगितलं नाही. सिकल सेल ह्या रक्ताच्या आजाराची कळ काय असते ते ज्याला येते त्यालाच माहीत. लहानपणी तो माझी बोटं चावायचा. त्या दिवशी तिथल्या नर्सला वाटलं, हा काळा माणूस नशेच्या औषधासाठी नाटक करतोय. सात तासांनी उठवायला गेले तर उठला नाही. एकतीस वर्षांचा होता.

ते शब्द माझ्या पोरासाठी होते. आणि त्या काइलच्या हातात ते मी दिले. टेबलाशी उभी राहून, हसून.

३० सप्टेंबर, बुधवार

दुपारी कॅमिलला पत्रकारांनी न्यायालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. सगळं टीव्हीवर दाखवलं. एक बाई ओरडली, "तो उपदेश झाला तेव्हा तुम्ही तिथे होतात का?"

कॅमिल थांबली. ड्रूने तिच्या कोपराला हात लावला.

"नाही," ती म्हणाली. "मी त्या दिवशी तिथे नव्हते. असं काही मी कधी ऐकलेलं नाही."

मी विचार करतेय. गर्दी फार होती. अकरा वर्षं झाली. माणूस विसरतं. मला तरी कुठे काय आठवतं त्या दिवसाचं? पण काळा कोट घातलेला कोणाचा तरी हात माझ्या पाठीवर होता, आणि त्या कोटाची एक गुंडी तुटलेली होती. ती गुंडी मीच नंतर लावून दिली. कोट कॅमिलचा होता.

विसरली असेल. एवढ्या गडबडीत माणूस विसरतं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुसरी बाजू ऐकली.

का ऐकली ते सांगते. पहिली बाजू जिथे संपते तिथेच टीव्हीवाल्यांचं संपतं. पंचेचाळीस मिनिटांची बाजू, पाळकसाहेब "प्रार्थना निघत नाही" म्हणाले आणि खट्कन मशीन बंद पडलं. ब्रदर एमोसने उलटून लावेपर्यंत थोडं हुकलं असेल. पण पुढे काही तरी असणारच. रेव्हरंड बेल शिवी देऊन खाली बसणारा माणूस नव्हे. त्यांना वाचवणारं एखादं वाक्य मिळालं तर, असं वाटलं.

आधी खरखर. मग एक बाई ओरडतेय. मी. "नका करू त्यांच्यासाठी! कोणीच करू नका!" माझा आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं. मी मशीन बंद करून आले, भांडी घासली, पुन्हा लावलं.

मग पाळकसाहेब, अगदी हळू: "सिस्टर ओडेसा, मला जमत नाही. मी पाळक आहे आणि आज मला जमत नाही. इथे कोणाला जमत असेल तर त्याने करा."

कोणाचं तरी बाळ कुरकुरतंय. आणि मग एक मुलगी बोलते, माझ्या अगदी जवळून बोलत असणार, कारण माझं हुंदके देणं तिच्या मागेच ऐकू येतं. मी शब्द इथे लिहून ठेवते:

"देवा, त्या नर्सचं नाव मला माहीत नाही. तुला माहीत आहे. तिला आज झोप लागू दे. उद्या तिच्यासमोर आमच्यातलं कोणी येऊन बसलं, तर त्याचं दुखणं तिला दिसू दे. वेंडेल असता तर हेच म्हणाला असता. तो माझ्याहून चांगला होता."

"आमेन," पाळकसाहेब म्हणतात. "मला जमलं नाही. ह्या पोरीला जमलं. कॅमिल, बाळा, तू आज माझी पाळक."

नावानिशी आहे. कॅमिल.

मग सगळे गायला लागतात आणि तिचाच आवाज सगळ्यांच्या वर.

मी रडले. पण खरं सांगते, आनंद झाला. ह्या चार मिनिटांत पाळकसाहेब सुटतात. कॅमिल तर नुसती सुटत नाही, असं माणूस निवडून द्यायला पुलापलीकडचे पण रांग लावतील. उद्या सकाळीच कॅसेट घेऊन जाते.

३ ऑक्टोबर, शनिवार

प्रचाराच्या कचेरीत गेले. मागच्या खोलीत कॅमिल, ड्रू आणि मी. पर्समधून माझं छोटं मशीन काढलं, दुसरी बाजू लावली. मी कॅमिलच्या तोंडाकडे बघत होते. तिचं नाव आलं तेव्हा तिने डोळे मिटले.

विसरली नव्हती.

संपल्यावर ड्रूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ही मंगळवारी का नाही मिळाली? मंगळवारी! मिसेस टर्नबो, ही टेप मंगळवारी असती तर आपण निवडणूक त्याच दिवशी जिंकली असती."

"मी ऐकलेली नव्हती," मी म्हटलं.

"आणि आता?"

"आता काय? आता लावा की टीव्हीवर."

ड्रूने कॅमिलकडे बघितलं. मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी म्हातारी नुसती बघत बसले. शेवटी कॅमिल म्हणाली, "मावशी, बुधवारी मी सांगितलं की मी तिथे नव्हते."

"मग सांग, चुकून म्हणाले."

"असं चुकून म्हणता येत नाही."

"तू का म्हणालीस गं तसं?"

तिने मशीनवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्या बाईने विचारलं, तिथे होतात का. मला फक्त ते ओरडणं आठवलं. मला वाटलं, हो म्हटलं तर सगळं संपलं. मी जे केलं ते मला आठवलंच नाही, मावशी. मला फक्त भीती आठवली."

ड्रू दाराकडे बघत मला म्हणाला, "ह्याची दुसरी प्रत आहे?"

"नाही."

"मग ही जपून ठेवा. म्हणजे, अशा ठिकाणी ठेवा की कोणाला सापडणार नाही."

मी कॅसेट पर्समध्ये टाकली. निघताना कॅमिलने मला मिठी मारायला हात पुढे केले, आणि मी पर्स मध्ये धरली. का धरली कोण जाणे.

४ ऑक्टोबर, रविवार

चर्चबाहेर कॅमेरे. ब्रदर एमोस त्यांना काठी दाखवत होता. उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या घरी गेले, रस्ता ओलांडला की घर. बायको गेल्यापासून ते डब्यातलं सूप गरम करून पितात, म्हणून केक नेला होता.

सगळं सांगितलं. काइलला सीडी मी दिली हेही. दुसऱ्या बाजूचंही.

"मला ती ऐकायची गरज नाही," ते म्हणाले. "ती प्रार्थना मी रोज सकाळी म्हणतो. अकरा वर्षं. दाढी करताना."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना. मी कॅसेट देते. तुमचं नाव राहील."

"आणि पोरीचं जाईल."

"तिने तुमचं घालवलं की."

"सिस्टर ओडेसा, मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या नावाचं आता कोण लोणचं घालणार आहे?" त्यांनी केकचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "शिवाय ते शब्द मी बोललो. कापून लावले, पण माझेच आहेत. तिचे मात्र कोणी ऐकलेच नाहीत, हे वाईट झालं."

मी म्हटलं, "कॅसेट माझी आहे. पोरगा माझा होता. मला वाटेल ते मी करीन."

"करा," ते म्हणाले. "मी तुम्हाला कधी काही सांगू शकलोय का?"

९ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅमिलने निवेदन काढलं. 'ह्या द्वेषपूर्ण शब्दांशी माझा काहीही संबंध नाही. मी माउंट निबो चर्चचं सभासदत्व सोडत आहे.' दुपारपर्यंत टीव्हीवर वाचून दाखवत होते. द्वेषपूर्ण. माझ्या पोराच्या शवपेटीवर बोललेले शब्द.

मी सगळी पत्रं, बिलं ठेवते त्या खणात एका वार्ताहर बाईचं कार्ड आहे. परवा येऊन गेली. "त्या अंत्यविधीला कोण कोण होतं, आठवतं का?" विचारत होती. मी म्हटलं, मी आई होते, मी कोणाकडे बघू? आज ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं, शेजारी कॅसेट ठेवली. एक फोन करायचा. पाळकसाहेब सुटतील. वेंडेलचं नावही लोकांना कळेल, नर्स त्याला काय समजली तेही कळेल. कॅमिलला कशाला पाठीशी घालू? मला राग येतोय, देवा, मी लिहूनच ठेवते, मला तिचा फार राग येतोय.

फोन उचलला. मग एकाच डब्यातून खाणाऱ्या त्या दोघांचे चेहरे समोर आले. खाली ठेवला.

१२ ऑक्टोबर, सोमवार

मंडळीच्या पंचांनी रेव्हरंड बेलना 'विश्रांती' घ्यायला सांगितलं. धमक्यांचे फोन येतात, मुलांचा शनिवारचा वर्ग बंद पडलाय. कोणाला दोष देऊ? पुढच्या रविवारी त्यांचा शेवटचा उपदेश. एकतीस वर्षांत त्यांचा एकही उपदेश मी रेकॉर्ड केल्याशिवाय सोडलेला नाही, वेंडेलचा सोडून.

कॅमिलबद्दल चर्चमधलं कोणी तोंड उघडत नाही, म्हणून ती वार्ताहर पुन्हा येऊन गेली. ह्यावेळी विचारलं, "अंत्यविधीची मूळ कॅसेट अजून असेल ना?" कोणीतरी सांगितलं असणार की मी सगळ्या जपून ठेवते. सगळं गाव जाणतं. मी खोटं बोलू शकत नाही, तोंडावर दिसतं माझ्या. उद्या कोणी न्यायाधीशाचा कागद घेऊन आलं तर?

१८ ऑक्टोबर, रविवार

केलं.

कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची बारीक पट्टी मोडून टाकतात. वेंडेलची मी अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी मोडली होती. आज सकाळी त्या भोकावर चिकटपट्टी लावली, दुसरी बाजू वर केली, मशीनमध्ये घातली. पाळकसाहेब उभे राहिले आणि मी लाल बटण दाबलं.

ते फक्त अकरा मिनिटं बोलले. एवढं थोडं ते कधीच बोलले नव्हते. कोणावर राग नाही, म्हणाले. तीन तारखेला सगळ्यांनी मत द्यायला जा, म्हणाले, कोणाला ते नाही सांगितलं. "मी थकलोय आणि तुम्ही सगळ्यांनी मला फार माया दिली," म्हणाले आणि बसले. मी बटण सोडलं.

त्या अकरा मिनिटांखाली माझं ओरडणं गेलं. कॅमिलची प्रार्थना गेली. वेंडेल असता तर, हे गेलं. कोणी मागितलं तरी आता माझ्याकडे नाही, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगू शकते.

कोणाला सांगितलं नाही. लेबलावर 'निरोपाचा उपदेश' लिहिलं, तारीख घातली. जुनं लेबल खरवडून निघेना, म्हणून त्याच्यावरच नवं चिकटवलं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

मत दिलं. तिलाच.

निवडून आली. आठशे बारा मतांनी. टीव्हीवर हसत होती, हात वर करून. मला ते हसणं माहीत आहे, दात दुखत असला की ती असं हसायची.

४ जानेवारी २०१०, सोमवार

शपथविधी. आमंत्रण होतं, पुढच्या रांगेतली खुर्ची. मी नाही गेले, गुडघा दुखतो असं कळवलं. प्रार्थना पुलापलीकडच्या एका पाद्र्याने केली, गोरा, चेहऱ्याने भला. सगळ्यांसाठी प्रार्थना केली. कोणाचंच नाव घेतलं नाही.

पाळकसाहेबांकडे सूप घेऊन गेले होते. आम्ही दोघांनी बसून टीव्हीवर बघितलं. तिने हात वर केला तेव्हा ते म्हणाले, "कोट नवा घेतलाय." बस.

१७ जानेवारी, रविवार

नवे पाळक म्हणाले, "पहिल्यांदा आलेले पाहुणे असतील त्यांनी उभं राहावं." ते कोलंबसहून आलेत, इथलं कोणाला ओळखत नाहीत.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी कॅमिल प्रुइट," ती म्हणाली. "पाहुणी."

टाळ्या वाजल्या नाहीत. मग ब्रदर एमोसने, तिचा आवाज ओळखून की रिवाज म्हणून देव जाणे, एकट्याने वाजवल्या.

उपासनेनंतर ती माझ्या टेबलाशी आली. सोबत कोणी नव्हतं. "पाहुण्यांना एक मिळते ना?"

"मिळते. कुठली?"

"वेंडेलची. दोन्ही बाजू."

मी तिला चर्चमधल्या माझ्या खोलीत नेलं, जिथे मशीनं असतात. कॅसेट काढली आणि दुसरी बाजू लावली. ती खाली मान घालून ऐकू लागली. पाळकसाहेबांचा निरोप सुरू झाला तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"हे काय?"

"पुसली."

"तुम्ही? वेंडेलची कॅसेट?"

"मग काय शेजारीण येऊन पुसून गेली?"

अकरा मिनिटं आम्ही दोघी तशाच बसलो. निरोप संपला, खट् झालं, आणि मग एकदम मधूनच गाणं सुरू झालं. जेवढं खाली उरलं होतं तेवढं, अकरा वर्षांपूर्वीचं. सगळ्यांच्या वर तिचा आवाज. ते उरलंय हे मलाही माहीत नव्हतं. पुसल्यापासून मी ऐकलं नव्हतं ना. कॅमिलने हाताने तोंड दाबून धरलं.

संपल्यावर म्हणाली, "मावशी, मी काय म्हणाले होते तेव्हा? तुमच्यासमोर ऐकलं ऑक्टोबरमध्ये, पण मी ऐकतच नव्हते. मी फक्त माझं नाव येतंय का बघत होते. रोज आठवायला बघते, शब्द येत नाहीत."

शब्द ह्या वहीत आहेत, २ ऑक्टोबरच्या पानावर. वही माझ्या पर्समध्ये होती. मी पर्सला हात लावला, आणि मग म्हटलं, "माझ्याकडे काय मागतेस? समोरच्या घरात जा. त्यांना पाठ आहेत."

"ते दार उघडतील?"

"मला काय ठाऊक. जाऊन बघ."

ती गेली. खिडकीतून सगळं दिसतं. रस्ता ओलांडून ती पायऱ्यांशी उभी राहिली, वर चढली नाही, खालूनच हाक मारली असावी. दार उघडलं. पाळकसाहेब घरातला जुना स्वेटर घालून होते. मग कॅमिल काहीतरी बोलली, थोडंसंच. पाळकसाहेबांनी कठड्याला धरलं, डोळे मिटले, मान खाली घातली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. शहराची महापौर पहिल्या पायरीवर बसली आणि तिचे खांदे गदगदत होते.

काही ऐकू येत नव्हतं. मशीन माझ्या हाताशीच होतं, मायक्रोफोनची वायर खिडकीपर्यंत पोचते. मी प्लग काढला आणि मशीनवर कापड घातलं.